यंत्र कामावर, नाव गैरहजेरीत

वाचकांचे प्रश्न : कार्यालयातील संगणक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. कार्यालयातील सर्व संगणकांवर एका ठिकाणाहून देखरेख ठेवणारे मायक्रोसॉफ्टचे 'कॉन्फिगरेशन मॅनेजर', ज्याला जुनी मंडळी अजूनही 'एससीसीएम' म्हणतात, आणि त्याचा प्रत्येक संगणकावर बसवलेला 'क्लायंट' हा प्रोग्राम खरोखर काम करतो आहे की नाही, हे कसे पडताळावे, असा हा विषय आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे सदराच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. आमच्याकडे १८० संगणक आहेत. कन्सोलमध्ये, म्हणजे देखरेखीच्या पडद्यावर, त्यांपैकी २३ संगणकांपुढे 'इनॲक्टिव्ह' असे दिसते. परंतु मी स्वतः फिरून पाहिले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच टेबलांवर माणसे बसून काम करत होती. लेखापरीक्षकांनी या २३ संगणकांचा खुलासा मागितला आहे आणि आमचे शेठ म्हणतात की सगळीकडे क्लायंट पुन्हा टाका आणि मोकळे व्हा. तसे करावे काय?
— एक वाचक, मकरपुरा, बडोदे

उत्तर : करू नये, निदान यादी तपासल्याशिवाय तरी नाही. क्लायंट पुन्हा टाकल्याने काही यंत्रे सुधारतील हे खरे, पण ती का बिघडली होती हे आपल्याला कळणार नाही आणि पुढच्या लेखापरीक्षणाच्या वेळी बहुधा तीच नावे पुन्हा समोर येतील. शिवाय २३ मधली काही नावे अशी निघतील, की त्या नावाचा संगणकच आता अस्तित्वात नाही. तिथे क्लायंट टाकणार कुठे?

मुळात 'इनॲक्टिव्ह' हा शब्द संगणकाच्या प्रकृतीबद्दल काही सांगत नाही. ती हजेरी आहे, आणि मस्टर सर्व्हरच्या हातात आहे. क्लायंटने पॉलिसी म्हणजे सर्व्हरच्या सूचना मागितल्या का, 'हार्टबीट' म्हणजे आपण असल्याची वर्दी दिली का, हार्डवेअरची व सॉफ्टवेअरची मोजदाद पाठवली का, स्थितीचा निरोप पाठवला का, अशा पाच गोष्टींची शेवटची तारीख सर्व्हर पाहतो. मूळ मांडणीत या प्रत्येकासाठी ७ दिवसांची मुदत असते आणि पाचांपैकी एकही गोष्ट मुदतीत घडली नसेल, तरच नावापुढे 'इनॲक्टिव्ह' लागते. क्लायंट साधारणतः दर ६० मिनिटांनी पॉलिसी मागत असतो हे लक्षात घेतले, तर सात दिवसांत एकदाही त्याचा आवाज सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही, ही गोष्ट किरकोळ नाही. पण दोष क्लायंटचाच आहे असेही तिच्यावरून सिद्ध होत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक फसवी आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाचांपैकी एक गोष्ट जरी घडत राहिली तरी यंत्र 'ॲक्टिव्ह' ठरते. एखादा संगणक तासातासाला पॉलिसी मागत असेल, पण चार महिन्यांत त्याने हार्डवेअरची मोजदाद पाठवलेली नसेल, तर कन्सोल त्याला हजरच म्हणेल. म्हणून लेखापरीक्षकांना खुलासा देताना केवळ २३ नावांचा विचार न करता उरलेल्या १५७ संगणकांच्या 'लास्ट हार्डवेअर स्कॅन' या तारखेवरूनही एकदा नजर फिरवावी, असे मी सुचवीन. माझ्या अनुभवात खरी लाजिरवाणी नावे तिथे सापडतात.

कन्सोलमध्ये 'क्लायंट', 'क्लायंट ॲक्टिव्हिटी' आणि 'क्लायंट चेक' असे तीन वेगळे रकाने असतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिला सांगतो की या नावाच्या संगणकावर क्लायंट असल्याची नोंद आहे. दुसरा वर सांगितलेली हजेरी. तिसरा हा क्लायंटने स्वतःची केलेली तपासणी : संगणकावर दररोज एकदा 'सीसीएमइव्हॅल' नावाचे काम आपोआप चालते, ते सर्व्हिस चालू आहे का, डब्ल्यूएमआयचे (संगणकाची माहिती जपणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेचे) भांडार ठीक आहे का, अशा बाबी पाहते, शक्य ते दुरुस्त करते आणि निकाल पाठवते. नावाशेजारी दिसणारी हिरवी खूण ही याहून निराळी चौथी गोष्ट आहे. ती त्या घटकेला क्लायंटचा मॅनेजमेंट पॉइंटशी, म्हणजे क्लायंटशी बोलणाऱ्या सर्व्हरशी, संपर्क आहे एवढेच सांगते, आणि पाच मिनिटे निरोप आला नाही की मावळते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत संगणक झोपी गेला की खूण जाणारच. तिच्यावरून क्लायंट बिघडला असा निष्कर्ष काढणारे फोन मला अनेकदा आले आहेत.

आणखी एक इथली बाब. आपल्याकडे दिवाळीत बंद झालेले कारखाने आणि पेढ्या लाभपाचमेला उघडतात. मागेपुढे रविवार आला तर सुट्टी सहज सात दिवसांच्या वर जाते आणि उघडल्या दिवशी सकाळी कन्सोलमधली निम्मी यादी गैरहजर दिसते. त्या दिवशी काही करू नये. हजेरीचा हिशेब सर्व्हर मूळ मांडणीत दिवसातून एकदाच मांडतो, तेव्हा संगणक सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर यादी पाहावी आणि तिच्यात जी नावे उरतील तीच तपासाला घ्यावीत. आपली यादी कोणत्या तारखेची आहे हे पत्रात नाही. ती सुट्टीनंतरची असेल तर आधी ताजी काढा.

आता त्या यादीची छाननी. यादी आणि खरेदीच्या वेळी केलेले मालमत्तेचे रजिस्टर शेजारी ठेवून प्रत्येक नावाचा संगणक प्रत्यक्ष कोणता, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. टेबलावर चिकटवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात लेखा विभागातला 'एसीसी-०७' नावाचा संगणक तीन महिने गैरहजर दिसत होता आणि टेबलावर तर एक बाई रोज त्याच पट्टीच्या यंत्रावर व्हाउचर टंकत होत्या. मी त्यांना क्षणभर बाजूला व्हायला सांगितले, कमांडची काळी खिडकी उघडून 'होस्टनेम' हा एक शब्द टंकला, तर उत्तर आले 'एसीसी-०७-एन'. हार्ड डिस्क गेल्यावर कोणीतरी यंत्र नव्याने उभे करताना नावामागे एन जोडला होता; नवे नाव कन्सोलमध्ये नियमित हजर होते आणि जुने नाव मेलेल्या माणसाच्या रेशनकार्डासारखे यादीत राहिले होते. आपल्या २३ पैकी काही नावे याच जातीची निघाली, तर ती दुरुस्तीची नव्हेत, रजिस्टर सुधारण्याची बाब आहे, आणि लेखापरीक्षकांना तसेच लिहून द्यावे.

जी यंत्रे खरोखर आहेत, चालू आहेत आणि तरी गैरहजर आहेत, त्यांच्यापैकी दोन-तीन निवडून त्यांच्यासमोर बसावे. सर्व्हिसेसच्या यादीत 'एसएमएस एजंट होस्ट' हे नाव शोधावे. 'सीसीएमएक्झेक' या सर्व्हिसचे हे दर्शनी नाव आहे. ती नसेलच, तर क्लायंट बसलेला नाही. ती थांबलेली असेल, तर सुरू करून पाहावी आणि पुन्हा आपोआप थांबते का यावर लक्ष ठेवावे. ती चालू असेल तर कंट्रोल पॅनेल बारीक चिन्हांच्या मांडणीत उघडून त्यात 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' ही खिडकी उघडावी. पहिल्या पानावर क्लायंटची आवृत्ती, प्रमाणपत्राचा प्रकार आणि मॅनेजमेंट पॉइंटचे नाव दिसते. मला मात्र 'ॲक्शन्स' हे पान सर्वांत बोलके वाटते. सर्व्हरकडे नोंदणी होऊन पॉलिसी मिळालेल्या क्लायंटच्या त्या पानावर मोजदादीपासून अद्ययावतीकरणापर्यंत कामांची बऱ्यापैकी लांब यादी असते. पॉलिसी कधीच पोहोचली नसेल तर तिथे संगणकाची पॉलिसी आणि वापरकर्त्याची पॉलिसी मागण्याच्या दोनच ओळी दिसतात. दोन ओळी दिसल्या की सर्व्हिस कितीही चालू असो, क्लायंट अनोळखी घरी आलेल्या पाहुण्यासारखा दारातच उभा आहे असे समजावे.

यापुढचा पुरावा लॉगमध्ये मिळतो. 'विंडोज' फोल्डरातील 'सीसीएम' आणि त्याखालचा 'लॉग्ज' हे ठिकाण. क्लायंटबरोबर येणाऱ्या 'सीएमट्रेस' या प्रोग्रामात लॉग उघडले तर चुकीच्या ओळी लाल दिसतात. शेकडो लॉगमध्ये बुडून जाऊ नये. आरंभी तीन पुरेत. 'क्लायंटआयडीमॅनेजरस्टार्टअप' नोंदणी झाली की नाही ते सांगतो, 'लोकेशनसर्व्हिसेस' मॅनेजमेंट पॉइंट सापडला का ते सांगतो, आणि 'सीसीएममेसेजिंग' निरोप खरोखर पोहोचतात का ते. या तिसऱ्यात ८००७२ ने सुरू होऊन ईई७ ने संपणारा आकडा दिसला तर सर्व्हरचे नावच सापडत नाही, म्हणजे डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे) पाहावे. ईई२ ने संपत असेल तर नाव सापडले पण वाट पाहून वेळ संपली, म्हणजे मधली फायरवॉल, प्रॉक्सी किंवा जाळ्याची वाट तपासावी. मॅनेजमेंट पॉइंटपर्यंत जाण्यासाठी ८० किंवा ४४३ क्रमांकाचा पोर्ट उघडा असावा लागतो. हिरव्या खुणेसाठीचा १०१२३ हा पोर्ट वेगळा.

हे सगळे ठीक दिसूनही पॉलिसी येत नसेल, तर एक कमी परिचित कारण पाहावे. विंडोजची मोठी आवृत्ती चढवताना क्लायंटला तात्पुरते 'प्रोव्हिजनिंग मोड'मध्ये ठेवतात, आणि मध्येच वीज गेली किंवा कोणी बटण दाबले, तर तो त्याच अवस्थेत अडकतो : सर्व्हिस चालू, चूक कुठेच नाही आणि काम मात्र शून्य. रजिस्ट्रीत क्लायंटच्या शाखेत 'प्रोव्हिजनिंगमोड' पुढे 'ट्रू' लिहिलेले असले तर निदान पक्के. नव्या आवृत्तीचा क्लायंट ४८ तासांनी यातून स्वतः बाहेर पडतो. जुन्याला हात धरून काढावे लागते.

अशा दोन-तीन यंत्रांची कारणे एकच निघाली तर उरलेल्यांवर तोच उपाय करावा. पुन्हा टाकण्याची वेळ त्यानंतर, आणि तीही ज्यांचे डब्ल्यूएमआय भांडार किंवा क्लायंटच्या फाइली खरोखर खराब झाल्या आहेत अशांवरच. शेठना सांगण्यासाठी : १८० मधल्या २३ ठिकाणी तासभर काम थांबवण्यापेक्षा तीन ठिकाणी तासभर बसणे स्वस्त पडते.

प्रश्न : आमच्या पेढीच्या हालोल आणि पादरा येथे शाखा आहेत. प्रत्येक संगणकापर्यंत न जाता बडोद्यात बसूनच क्लायंटची स्थिती पाहता येईल का? मी पिंग करून पाहते, पण निम्मे संगणक उत्तर देत नाहीत. त्यांना बंद समजावे का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : पिंगला उत्तर न मिळणे म्हणजे संगणक बंद असणे नव्हे. विंडोजची फायरवॉल पुष्कळ ठिकाणी पिंगचे उत्तर अडवते आणि त्याच वेळी यंत्र बाकी सगळे व्यवहार सुरळीत करत असते. आपल्याला जे विचारायचे तेच थेट विचारावे.

आज्ञा टंकण्याच्या पॉवरशेल या विंडोजच्या खिडकीत 'गेट-सर्व्हिस' या आज्ञेला सर्व्हिसचे आणि संगणकाचे नाव दिले की सर्व्हिस चालू आहे की थांबली आहे, हे कळते. 'गेट-सिमइन्स्टन्स' या आज्ञेने 'रूट' खालच्या 'सीसीएम' या नेमस्पेसमधील 'एसएमएस_क्लायंट' हा वर्ग वाचला की आवृत्तीही मिळते. पहिली आज्ञा विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्येच दुसऱ्या संगणकाचे नाव स्वीकारते. सातव्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली आहे आणि तिथे 'इन्व्होक-कमांड' वापरावे लागते. आपण कदाचित इथेच अडखळला असाल, कारण इंटरनेटवरच्या जुन्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या की नव्या पॉवरशेलमध्ये त्या चुकतात.

याहून महत्त्वाचे आहे ते आलेल्या उत्तरांचे वर्गीकरण. 'चालू' आणि 'चालू नाही' असे दोनच गठ्ठे केले तर अहवाल निरुपयोगी होतो. सर्व्हिस चालू आहे. सर्व्हिस आहे पण थांबली आहे. संगणकाने उत्तर दिले पण या नावाची सर्व्हिसच नाही. संगणकाने ओळखले पण परवानगी नाकारली. आणि संगणकापर्यंत पोहोचताच आले नाही, अशी पाच उत्तरे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत. यांपैकी फक्त पहिली तीन क्लायंटबद्दल आहेत. चौथे आपल्या खात्याच्या अधिकाराबद्दल आहे आणि पाचवे वाटेबद्दल. 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल' असा निरोप आला म्हणून त्या यंत्रावर क्लायंट नाही असे लिहून टाकणे, म्हणजे पत्र परत आले म्हणून माणूस वारला असे समजण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या डब्ल्यूएमआयला १३५ आणि शिवाय ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे पोर्ट लागू शकतात, तर 'इन्व्होक-कमांड'ला एरवी ५९८५ हा एकच पुरतो; दोन गावांच्या मध्ये फायरवॉल असेल तर दुसरा मार्ग सोयीचा.

एक सापळा आवर्जून सांगतो. डीएनएसमध्ये जुनी नोंद राहिली असेल तर हालोलच्या संगणकाचे नाव पादऱ्याच्या संगणकाच्या पत्त्याकडे बोट दाखवते. नावाने विचारले तर डोमेनमध्ये (सर्व खाती एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या जाळ्यात) ही लबाडी बहुधा उघडी पडते, कारण समोरचे यंत्र त्या नावाची ओळख पटवू शकत नाही आणि 'टार्गेट अकाउंट नेम' चुकीचे असल्याचा निरोप येतो. पुष्कळ जण हा निरोप अधिकाराची अडचण समजतात आणि नाव सोडून आयपी पत्त्याने विचारतात. मग उत्तर निमूटपणे येते, आणि येते ते भलत्याच यंत्राचे. तेव्हा पत्त्याने विचारण्याची पाळी आलीच तर सर्व्हिसच्या आधी यंत्राला त्याचे स्वतःचे नाव विचारावे आणि तेही अहवालात लिहावे.

रात्री सगळे बंद झाल्यावर ही तपासणी चालवू नये. दुकाने-कार्यालये पूर्ण भरलेली असतात अशा वेळी, सकाळी अकराच्या सुमारास, सलग तीन दिवस चालवली की फिरतीवरचे लॅपटॉपही कधी ना कधी सापडतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १२ जुळवणी केलेले संगणक आहेत. एक व्यवस्थित उभा करून त्याची डिस्क इतर अकरांवर उतरवली. कन्सोलमध्ये बारा नावे दिसण्याऐवजी एकच ओळ दिसते आणि तिचे नाव दर थोड्या वेळाने बदलते. असे का?
— एक वाचक, वाघोडिया रस्ता, बडोदे

उत्तर : बाराही यंत्रे एकाच ओळखपत्रावर हजेरी लावत आहेत. क्लायंटची ओळख संगणकाच्या नावावर नसून, नोंदणीच्या वेळी मिळालेल्या एका लांबलचक ओळखक्रमांकावर (जीयूआयडी) आणि त्याच्या जोडीच्या प्रमाणपत्रावर असते. डिस्क जशीच्या तशी उतरवली की दोन्ही उतरतात. एरवी क्लायंट सुरू होताना यंत्राच्या हार्डवेअरच्या खुणा बदलल्या आहेत का ते पाहतो आणि बदलल्या असतील तर नवी ओळख घेतो. पण जुळवणीच्या संगणकांत मदरबोर्डच्या अनुक्रमांकाच्या जागी कारखान्याने भरायचे राहून गेलेले तेच ते वाक्य असते, त्यामुळे ही तपासणी नेहमी भरवशाची ठरत नाही.

पडताळणी सोपी आहे. दोन संगणकांवर 'विंडोज' फोल्डरातील 'एसएमएससीएफजी' ही आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'एसएमएस युनिक आयडेंटिफायर' या ओळीतील अक्षरे ताडून पाहा. शेवटचे अक्षरही जुळले तर निदान संपले. मग प्रत्येक यंत्रावर 'सीसीएमएक्झेक' थांबवावी, ती फाइल काढून टाकावी, स्थानिक संगणकाच्या प्रमाणपत्रांतील 'एसएमएस' या कप्प्यातली प्रमाणपत्रे काढावीत आणि सर्व्हिस सुरू करावी. बारा ओळी दिसू लागेपर्यंत दम धरावा. पुढच्या वर्षी मूळ डिस्कची प्रत काढण्यापूर्वी हेच करावे आणि त्यानंतर सर्व्हिस सुरू न करताच प्रत काढावी. विंडोजची स्वतःची ओळख पुसण्यासाठी 'सिसप्रेप' चालवणे हे तर आधीपासूनचे पथ्य आहेच.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले तेव्हा काही संगणक कायमचे गेले आणि काही दुरुस्त होऊन बऱ्याच महिन्यांनी परत आले. परत आलेल्यांपैकी काहींचे नाव कन्सोलमध्ये नव्हते, आणि दोन संगणक आजतागायत जोडले जात नाहीत. इतके दिवस बंद राहिल्यामुळे त्यांचे डोमेनशी नाते तुटले का?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : नावे गेली ती साफसफाईच्या ठरावीक कामामुळे. मूळ मांडणीत ९० दिवस वर्दी न आलेल्या संगणकाची नोंद सर्व्हर काढून टाकतो. संगणक परत येऊन त्याने हार्टबीट पाठवला की नोंद पुन्हा तयार होते, म्हणून त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

नुसते बंद राहिल्याने डोमेनशी नाते तुटत नाही. संगणकाच्या खात्याचा पासवर्ड ३० दिवसांनी बदलतो हे खरे, पण बदलण्याचा पुढाकार संगणकच घेतो. तो बंद असेल तर पासवर्डही तसाच राहतो. नाते तुटते ते दुरुस्ती करणाऱ्याने जुन्या बॅकअपवरून डिस्क भरली तर, किंवा मधल्या काळात कोणी डिरेक्टरीतून त्या संगणकाचे खाते काढले तर. आपल्या दोन संगणकांचे मात्र मी आधी घड्याळ पाहीन. पाण्यात राहिलेल्या मदरबोर्डची बटणासारखी बॅटरी बहुतेक गेलेली असते, तारीख काही वर्षे मागे पडते आणि मग डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या केरबेरॉस पद्धतीला चालणारा ५ मिनिटांचा फरक तर सोडाच, प्रमाणपत्रेही अजून लागू झालेली नाहीत असे यंत्राला वाटू लागते. बॅटरी बदला, वेळ लावा, आणि त्यानंतरच पुढचा विचार करा. जे संगणक कायमचे गेले त्यांच्या नोंदी आपण हाताने काढून टाकल्या तरी हरकत नाही. विम्याच्या कागदांसाठी त्या आधी छापून ठेवाव्यात.

प्रश्न : मी एका कार्यालयात साधी कर्मचारी आहे. माझ्या संगणकावर हा क्लायंट नीट चालतो का हे मला स्वतःला पाहता येईल का? आणि त्यातून साहेबांना माझा पडदा दिसतो का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : पाहता येईल. स्टार्ट मेनूत 'सॉफ्टवेअर सेंटर' शोधा. ते उघडले, त्यात कार्यालयाने दिलेले प्रोग्राम किंवा अद्ययावतीकरणे दिसली, तर क्लायंट बहुधा ठीक आहे. त्यातल्या 'ऑप्शन्स'मध्ये संगणकाच्या देखभालीखाली पॉलिसी ताजी करण्याचे बटण असते. संगणक विभागाने फोनवर 'पॉलिसी सिंक करा' म्हटले की तेच दाबायचे असते. सर्व्हिस थांबवण्याचा अधिकार साध्या खात्याला नसतो आणि नसावाही.

पडद्याबद्दल : क्लायंट मुख्यतः यंत्रातील भाग आणि बसवलेले प्रोग्राम यांची मोजदाद पाठवतो. पडदा पाहण्याची 'रिमोट कंट्रोल' ही वेगळी सोय आहे. ती मूळ मांडणीत बंद असते आणि चालू केली तरी, कार्यालयाने मुद्दाम बदलले नसेल तर, समोर बसलेल्याची परवानगी विचारते. आपल्या कार्यालयात काय ठरवले आहे, हे संगणक विभागाला लेखी विचारण्यात गैर काही नाही.

प्रश्न : क्लायंट बसवल्यावर 'सीसीएमसेटअप'च्या लॉगमध्ये शेवटी ० हा परतीचा आकडा दिसतो, म्हणजे काम यशस्वी झाले. तरी दोन दिवसांनंतरही तो संगणक कन्सोलमध्ये क्लायंट म्हणून दिसत नाही. हा संगणक आमच्या डोमेनमध्ये नाही. गोदामातल्या वजनकाट्याला जोडलेला आहे.
— एक वाचक, सावली

उत्तर : ० चा अर्थ फाइली बसल्या एवढाच, ७ आला असता तर बसल्या पण यंत्र पुन्हा सुरू करा, असा अर्थ झाला असता. त्यापुढे क्लायंटला आपली साइट, म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजरची कोणती मांडणी आपली, हे कळावे लागते, मॅनेजमेंट पॉइंट सापडावा लागतो, नोंदणी व्हावी लागते आणि सर्व्हरने त्याला मान्यता द्यावी लागते. आपला संगणक डोमेनबाहेर असल्यामुळे यांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी पायरी आपोआप होत नाही असे गृहीत धरून चालावे. बसवताना साइटचा तीन अक्षरी कोड आणि मॅनेजमेंट पॉइंटचे नाव हाताने दिले होते का, हे 'सीसीएमसेटअप'च्या लॉगच्या सुरुवातीच्या ओळींत दिसेल, कारण दिलेली आज्ञा तिथे जशीच्या तशी उतरलेली असते. कोड दिला नसेल तर 'क्लायंटलोकेशन' या लॉगमध्ये साइट सापडत नसल्याची तक्रार वारंवार दिसेल. त्या गोदामाचा आयपी पट्टा कोणत्या 'बाउंडरी ग्रुप'मध्ये, म्हणजे साइटला जोडलेल्या पत्त्यांच्या गटात, येतो तेही पाहावे; नवे गोदाम उघडताना ही नोंद हमखास विसरली जाते.

हे सर्व ठीक असेल, तर कन्सोलमध्ये 'अप्रूव्ह्ड' हा रकाना दाखवून घ्या. मूळ मांडणीत विश्वासातल्या डोमेनमधील संगणकांनाच आपोआप मान्यता मिळते. वजनकाट्याचा संगणक तिथे मान्यतेची वाट पाहत थांबलेला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. मान्यता देण्यापूर्वी गोदामात फोन करून त्या संगणकावरच्या 'एसएमएससीएफजी' फाइलमधील ओळख वाचून घ्यावी आणि ती कन्सोलमधल्या नोंदीशी जुळवावी, मगच उजवे बटण दाबून 'अप्रूव्ह' करावे. त्यानंतर 'ॲक्शन्स'च्या पानावर दोनाच्या जागी लांब यादी आली की मला एक ओळ लिहून कळवा.